'ते बघ' म्हणण्यापुरती शांतता : दोघांनी करायचे वनस्नान

उन्हात बसून अंग शेकण्याला आपण सूर्यस्नान म्हणतो आणि त्या शब्दात पाणी नाही म्हणून कोणी अडत नाही. जपानी भाषेतला 'शिनरिन-योकु' हा शब्द नेमका त्याच घडणीचा आहे. 'शिनरिन' म्हणजे वन आणि 'योकु' म्हणजे स्नान; सूर्यस्नानालाही जपानीत 'निक्को-योकु' असेच म्हणतात. ऊन जसे अंगावर घ्यायचे तसे जंगल अंगावर घ्यायचे, म्हणजे तिथला वास, गारवा, आवाज आणि पानांतून झिरपणारा उजेड हे सारे सावकाश, काहीही साधायची घाई न करता अनुभवायचे, एवढाच वनस्नानाचा अर्थ आहे. त्यात शिखर गाठायचे नसते, किलोमीटर मोजायचे नसतात, पक्ष्यांची यादी पुरी करायची नसते. ट्रेक आणि वनस्नान यांच्यातला फरक इथेच आहे. ज्याला या वाटेने जायचे त्याने दोन तासांत जेमतेम अडीच किलोमीटर चालावे, असे या विषयाचे जपानी अभ्यासक सांगतात. आपण मंडईतून भाजी घेत हिंडतो त्याहूनही हा वेग कमी आहे.

कल्पना साधी असली तरी हा शब्द जुना नाही. जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी तो १९८२ साली पुढे आणला. देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगलाखाली असूनही शहरातल्या माणसाचा त्या जंगलाशी संबंध तुटत चालला होता. लोकांनी जंगलात यावे, त्यांना विसावा मिळावा आणि जंगल राखण्याच्या कामाला त्यांचे पाठबळ मिळावे, असा त्यामागे सरळ विचार होता. पहिला कार्यक्रम नागानो प्रांतातल्या आकासावा वनात झाला. सरूच्या कुळातल्या हिनोकी वृक्षांचे हे वन सुमारे तीनशे वर्षांचे आहे. दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवस्थानासाठी याच किसो खोऱ्यातले हिनोकी वापरले जात आले. हे वन टिकले ते धाकामुळे. ओवारीच्या सरदार घराण्याने इथल्या तोडीवर कडक बंदी घातली होती आणि एक झाड तोडले तर एक शिर जाईल, असे त्या काळी म्हटले जाई. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया देवाच्या धाकाने राखल्या गेल्या. गावाने देवाच्या नावे सोडलेल्या त्या रानात कोयता चालवायचा नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. तिथे सरदाराचा धाक, इथे देवाचा, पण पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड न लागलेले रान दोन्हीकडे शिल्लक राहिले. वनस्नान परक्या देशातून आले म्हणून ते आपले नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या देवराईच्या आत दहा मिनिटे उभे राहून पाहावे.

जंगलात बरे वाटते हे कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न असा आहे की बरे वाटते तेव्हा शरीरात काय घडते. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या चेतासंस्थेचे दोन भाग असतात. अनुकंपी भाग संकटाच्या वेळी काम करतो. त्याने नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. परानुकंपी भाग उलट बाजूने ओढतो. त्याने हृदय सावकाश चालते, पचन सुरू होते, शरीर दुरुस्तीच्या कामाला लागते. वाहतूक, हॉर्न, कामावरचे निरोप आणि हप्त्यांच्या तारखा यांत जगणाऱ्या माणसाचा पहिला भाग दिवसभर चालूच राहतो, जणू वाघ समोर उभा आहे आणि तो जातच नाही. जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिफुमी मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या २४ जंगलांत याची पाहणी केली. प्रत्येक ठिकाणी बारा तरुण घेतले. निम्मे जंगलात आणि निम्मे शहरात पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल केली. दोन्ही ठिकाणी थोडा वेळ बसून पाहायचे आणि थोडा वेळ चालायचे, इतकेच काम होते. जंगलात त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक कमी भरले, नाडी मंदावली आणि रक्तदाब उतरला. माणसे तीच होती, बदलली होती ती फक्त जागा. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुसरी दिशा रोगप्रतिकारशक्तीची आहे. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉक्टर चिंग ली यांनी २००५ साली टोकियोत नोकरी करणाऱ्या बारा पुरुषांना तीन दिवस इइयामा इथल्या जंगलात नेले. आपल्या रक्तात 'नॅचरल किलर' नावाच्या पांढऱ्या पेशी असतात; विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाकडे वळलेल्या पेशींवर त्या थेट तुटून पडतात. दुसऱ्या दिवसापर्यंत या पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्म्याने वाढलेली आढळली. हा प्रवासाचा आणि सुट्टीचा परिणाम असेल अशी शंका कोणीही घेईल, म्हणून त्यांनी पुढे अशीच सहल शहरात काढली. तिथे ही वाढ दिसली नाही. मग त्यांनी हॉटेलच्या खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडून बारा पुरुषांना तीन रात्री झोपवले आणि तेव्हाही या पेशींची कार्यक्षमता वाढली. यावरून लक्ष गेले ते झाडे कीड आणि बुरशी यांच्यापासून बचावासाठी हवेत सोडतात त्या द्रव्यांकडे. त्यांना फायटनसाइड म्हणतात. देवदाराची पेटी उघडल्यावर किंवा निलगिरीचे पान चुरगळल्यावर जो वास दरवळतो, तो याच जातीच्या द्रव्यांचा.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की बारा-बारा माणसांवर केलेले चिंग ली यांचे हे प्रयोग लहान आहेत. जंगलात फिरल्याने अमुक रोग बरा होतो, असा दावा त्यांतून निघत नाही आणि कोणी तो करत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय आपल्या रानात हिनोकी नाहीत, जांभूळ, हिरडा आणि अंजनी आहेत. म्हणून मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास. रॉजर उल्रिच यांनी १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, जोरदार वेदनाशामके पहिल्या गटाला कमी लागली. त्या रुग्णांच्या नाकात कोणत्याही झाडाचे तेल गेले नव्हते. त्यांनी झाड नुसते पाहिले होते.

नुसते पाहण्याने असे का व्हावे, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅपलन या पतिपत्नींनी दिले आहे. जोडप्यांसाठी वनस्नान का, याचे उत्तरही त्यातच सापडते. त्यांच्या मते लक्ष दोन प्रकारचे असते. एक आपण जोर लावून धरून ठेवतो. हिशेब तपासताना, गर्दीत गाडी चालवताना, मुलाचा अभ्यास घेताना ते लागते. ते धरून ठेवायचे म्हणजे बाकीचे सगळे मनाआड ढकलत राहायचे आणि स्नायू थकतो तशी ही ढकलण्याची ताकदही थकते. दुसरे लक्ष आपोआप वेधले जाते. वाहते पाणी, हलणारी पाने, सरकणारे ढग हे आपल्याला ओढतात, पण त्यांची ओढ सौम्य असते; ती मनाला बांधून ठेवत नाही, विचारांना इकडेतिकडे भटकायला जागा ठेवते. तेवढ्या वेळात पहिल्या प्रकारच्या लक्षाला विश्रांती मिळते. मोबाइलही लक्ष ओढतो, पण हिसका देऊन, म्हणून तासभर मोबाइल पाहून उठलेला माणूस ताजा दिसत नाही.

थकलेल्या लक्षाची एक खूण कॅपलन यांनी नोंदवली आहे, ती म्हणजे चिडचिड. तोंडावर आलेला कडू शब्द आवरायला जी शक्ती लागते, ती याच साठ्यातून येते. संध्याकाळी साडेसात वाजता "दूध आणलंस का?" या प्रश्नाला जे उत्तर मिळते, ते पुष्कळदा प्रेम आटल्यामुळे तसे नसते; दिवसभर लक्ष ताणून साठा संपलेला असतो. दोन्ही बाजूंचा साठा एकाच वेळी, एकाच घरात संपलेला असतो, हे नोकरी करणाऱ्या जोडप्यांचे खरे दुखणे आहे. अशा दोघांना समोरासमोर बसवून "आता मोकळेपणाने बोला" असे सांगितले, तर ते मोकळेपणाने भांडण्याचीच शक्यता अधिक. त्यांना आधी विश्रांती हवी आणि ती शक्यतो एकत्र हवी.

विश्रांतीनंतर काय, याचे उत्तर अमेरिकेतल्या सिॲटल इथे जोडप्यांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या जॉन गॉटमन यांच्या कामात मिळते. नवविवाहित जोडपी एकमेकांशी कशी वागतात हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. त्यांनी मोजले ते मोठमोठे वाद नव्हते, तर लहान लहान सादा होत्या. "पाऊस आला वाटतं", "हे वाचलंस का?", "ते बघ" ही सगळी साद आहे. तिचा अर्थ पावसाविषयी नसतो. माझ्याकडे एक क्षण वळ, असा असतो. तिला प्रतिसाद म्हणून नुसते "हं, कुठे?" म्हणून मान वळवली तरी पुरते. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीच्या काळात अशा सादांपैकी ८६ टक्क्यांना प्रतिसाद दिला होता. ज्यांची ताटातूट झाली, त्यांनी फक्त ३३ टक्क्यांना. घरात बहुतेक सादा वाया जातात, कारण ऐकणाऱ्याचे डोळे दुसऱ्या कशाला तरी जुंपलेले असतात. जंगलात मान वळवायला काही सोडावे लागत नाही. दाखवण्यासारखे पावलापावलावर असते आणि पाहणारा मोकळा असतो. वनस्नान जोडप्याच्या कामी येते ते माझ्या मते या एका कारणाने. प्राणवायू, तेले आणि पेशी हा वरचा लाभ समजावा.

आता प्रत्यक्ष करायचे कसे, ते सांगते. सकाळची वेळ धरावी, कारण तेव्हा ऊन सौम्य असते आणि पक्षी बोलत असतात. मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवावा. फोटो काढण्यापुरता हातात ठेवू म्हटले की तो हातातच राहतो. निघण्यापूर्वी एक ठराव करावा की शाळेची फी, सोसायटीची वर्गणी, दोन्हीकडचे आईवडील आणि रजेचा अर्ज हे विषय परत गाडीत बसेपर्यंत निघणार नाहीत. पहिली वीस मिनिटे दोघांनीही बोलायचे नाही. ही गोष्ट वाटते त्याहून अवघड आहे, कारण नवराबायकोच्या न बोलण्याला आपल्या भाषेत 'अबोला' हे खास नाव आहे आणि ते रागाचे नाव आहे. ज्या घरात शांतता म्हणजे कोणीतरी रुसले असेच गणित असते, तिथे ठरवून, हसतमुखाने गप्प राहणे हा दोघांसाठी नवा अनुभव असतो. पहिली पाचसात मिनिटे अवघडल्यासारखी जातात, मग कान उघडतात.

चालताना एकाने पुढे राहावे, दहा मिनिटांनी दुसऱ्याने. पुढचा माणूस वेग ठरवतो आणि मागच्याने तो मुकाट्याने मानायचा असतो. जो एरवी नेहमी पुढे चालतो त्याने मागे राहून आपल्या जोडीदाराची पावले कशी पडतात, तो कुठे थांबतो, काय हातात घेतो, हे पाहावे. त्यानंतर एखाद्या झाडाखाली, एकमेकांकडे तोंड करून नव्हे तर शेजारी शेजारी, वीस मिनिटे बसावे. शेजारी बसले म्हणजे दोघांना एकच दृश्य दिसते आणि डोळ्याला डोळा भिडवण्याचे दडपण राहत नाही. मग बोलायला मोकळीक. प्रत्येकाने आपल्याला दिसलेल्या, ऐकू आलेल्या किंवा वास आलेल्या दोनतीन गोष्टी सांगाव्यात, दुसऱ्याने फक्त ऐकावे. शेवटी थर्मासमधला चहा प्यावा. जपानबाहेरही अशा मार्गदर्शित फेऱ्यांचा शेवट चहाने करण्याची पद्धत पडली आहे. आपल्याकडे गवती चहा आणि आले घालून घरून आणलेला चहा उत्तम. रानातले अनोळखी पान मात्र चहात टाकू नये.

आम्ही दोघे फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुळशीच्या बाजूच्या एका देवराईत गेलो होतो. लग्नाला बावीस वर्षे झाली आहेत आणि आमच्या बोलण्यात बहुतेक वेळा कोण कोणाला कुठे सोडणार हाच विषय असतो. देवराईत शिरताच ऊन मागे राहिले, पायाखाली पाचोळ्याचा जाड थर लागला. वीस मिनिटे संपायच्या आतच तो पुढे थांबला आणि बोलायचे नाही म्हणून त्याने नुसते बोट दाखवले. गारंबीची वेल होती. मांडीएवढी जाड, दोरखंडासारखी पिळलेली, एका झाडावरून उतरून जमिनीवर लोळून पुन्हा दुसऱ्या झाडावर चढलेली. तिच्या पिळावरून मुंग्यांची एक रांग वर चालली होती आणि एक खाली. आम्ही तिथेच खाली बसलो आणि त्या मुंग्या समोरासमोर येताच क्षणभर थांबून एकमेकींना मिशा लावून पुढे कशा जातात ते पाहत राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग त्याने पाचोळ्यातून गारंबीचे एक बी उचलले. तपकिरी, चपटे, तळहातात मावणारे, घासून चकचकीत केल्यासारखे.

"अगं, असं एक बी आमच्या आजीच्या पेटीत असायचं," तो म्हणाला. "ताप आला की ती ते माझ्या हातात द्यायची. गार लागायचं."

आजीविषयी मी बावीस वर्षांत पुष्कळ ऐकले होते, पण ही गोष्ट ऐकली नव्हती. मी विचारले असते तरी त्याला ती आठवली नसती, कारण ती प्रश्नाच्या टोकाला नव्हती, त्या बियेच्या गारव्यात होती. मी हात पुढे केला, त्याने बी माझ्या तळहातावर ठेवले. खरोखरच गार होते.

जागेविषयी थोडे. पुण्यातल्या माणसाला वेताळ टेकडी, मुंबईकराला बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, गोव्यात मोलेचे भगवान महावीर अभयारण्य, आणि ज्याला रात्रीचा मुक्काम शक्य आहे त्याला शेकरूचे घर असलेले भीमाशंकर. यांपैकी काहीच जवळ नसेल तर जुनी झाडे असलेली बागही चालते. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान इतरांहून बरे आढळले आणि ती १२० मिनिटे एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार फेऱ्यांनीही काम भागते, आणि लहान मुले घरी असलेल्या जोडप्यांना तेच जमण्यासारखे असते.

काही गोष्टींची काळजी मात्र घ्यावीच लागते. राष्ट्रीय उद्यानात परवानगीच्या वाटा सोडू नयेत. बोरिवलीत बिबटे आहेत आणि ते घर त्यांचे आहे. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी जळवा लागतात. त्या घातक नसतात, पण शांतता मोडतात. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी भागांत गोचिडींमुळे माकडताप पसरतो, तेव्हा तिथल्या रानात पाचोळ्यावर बसू नये आणि गावकऱ्यांनी नको म्हटले तर मुळीच जाऊ नये. एकांतात बसलेल्या जोडप्याला हटकणारे लोक दुर्दैवाने सगळीकडे आहेत; म्हणून आडबाजूला न जाता गावात कोणाला तरी सांगून, शक्य तर तिथल्याच एखाद्याला वाटाड्या म्हणून घेऊन जावे. देवराईत गावाचे नियम आपलेही नियम असतात. आणि दोघांमधला प्रश्न थकव्याचा नसून धाकाचा, मारहाणीचा किंवा फसवणुकीचा असेल, तर जंगलाकडून ते काम होणार नाही. तिथे समुपदेशक आणि प्रसंगी कायदा लागतो.

निघताना मी ते बी पिशवीत टाकणार होते. त्याने मान हलवली. देवराईतून काही बाहेर न्यायचे नसते, हे सकाळी गावातल्या आजोबांनी आम्हाला बजावले होते. त्याने बी जिथून उचलले होते तिथे वेलीच्या बुंध्याशी ठेवले, वर थोडा पाचोळा सारला आणि आम्ही चहाचा थर्मास उघडला.